पालकांनी व्हरांड्यात बसावे

कलाबाईला वाचता येत नव्हतं, पण थोरल्या दिराची सही तिला ओळखू येत होती. धामणगावच्या मळ्याची वाटणी झाली तेव्हा कागदावर तिने ती पाहिली होती. शेषराव सोनोने यांच्या 'श'ची शेपटी एवढी लांब जायची की शेजारच्या माणसाच्या नावात शिरायची. आज तीच शेपटी बुलढाण्याच्या शाळेने हातात दिलेल्या छापील कागदाच्या तळाशी होती. सह्यांत वरून तिसरी.

"काय लिहेल हाये याच्यात?" तिने नवऱ्याला विचारलं.

इंद्रभानने कागद दोनदा मनातल्या मनात वाचला होता. तिसऱ्यांदा त्याने तो बायकोसाठी वाचला, हळू आवाजात, कारण टेबलापलीकडे वसतिगृहाचे अधीक्षक बसले होते. वाणीविकास मंडळाच्या मूकबधिर विद्यालयाची नवी नियमावली, दहा जून एकोणीसशे अडुसष्टपासून लागू. शाळेत व वसतिगृहात हातवारे करण्यास बंदी. वयाची बारा वर्षे पूर्ण होईपर्यंत ज्या विद्यार्थ्यास पन्नास शब्द स्पष्ट उच्चारता येणार नाहीत, त्याचे नाव पटावरून कमी करण्यात येईल. पालकांनी पाल्यास तीन महिन्यांतून एकदाच भेटावे.

द्वारकाला चैत्रात बारावं सरत होतं. चार वर्षांत तिला नऊ शब्द आले होते, आणि त्यांतले चार फक्त आईलाच समजायचे.

"आमाले कोणी इचारलं होतं का, साहेब?" कलाबाई म्हणाली.

अधीक्षकांनी इंद्रभानकडे बघून उत्तर दिलं. "पुण्याहून तज्ज्ञ येऊन गेले. त्यांचं ऐकून मंडळाने ठरवलं. पुढच्या रविवारी सर्वसाधारण सभेत मंजुरी झाली की झालं. आणि तुमचे बंधूच मंडळावर आहेत की. तुम्हाला वेगळं काय विचारायचं?"

इंद्रभानने मान हलवली. त्या मान हलवण्याचा कलाबाईला अधीक्षकांपेक्षा जास्त राग आला.

द्वारकाला घरी न्यायला ती वर्गाकडे गेली. खिडकीतून दिसलं की सगळ्या मुलांचे हात पाठीमागे आहेत. आधी तिला वाटलं, कवायत चालली असेल. मग घंटा झाली आणि निवृत्ती मास्तर एकेकाच्या मागे जाऊन गाठी सोडू लागले. सुती पट्ट्या होत्या, जखमेला बांधतात तसल्या.

कलाबाईला दारात पाहून मास्तरांचे हात थांबले. "सवय व्हावी म्हणून आत्तापासूनच," ते म्हणाले. "मला वरून सांगितलंय, बाई."

द्वारकाने मनगटं चोळली, बोटं झटकली, आणि मग तिचे हात असे सुटले की कलाबाईला पुरे बघणं होईना. पंधरा दिवसांचं साठलेलं सगळं ती एकदम सांगत होती. मैत्रीण रडली. भाकरी जळली. एका मुलाने पट्टी दातांनी सोडली म्हणून त्याला उभं केलं. आणि आई, मी काय केलं म्हणून मला बांधतात?

फाटकाशी कडूबा गवंडी उभा होता. देऊळगाव राजाकडचा हा माणूस. त्याचा मुलगा तेराव्यात होता, म्हणजे नियम लागताच घरी जाणार होता. त्याच्या हातातही तोच कागद होता.

"वहिनी, म्या सगळ्यांच्या गावी जातो," तो म्हणाला. "जेवढे मायबाप भेटतील तेवढे रविवारी आणतो. सभेत कोणी ऐको न ऐको, तोंड तर दाखवू."

कलाबाईने द्वारकाचा हात धरला. "हाव भाऊ, आणा. म्या तवरिक माह्या घरचा मंडळवाला पाहून घेते."

*

मोताळ्याच्या घरी गच्चीवर कुरडया घालणं चाललं होतं. अन्नपूर्णाबाई साच्यात चीक भरत होती आणि तिची नणंद सत्यभामाबाई धोतरावर कुरडया पाडत होती. दरवर्षी या कामासाठी सत्यभामा देऊळगाव राजाहून पंधरा दिवस माहेरी यायची. खाली बैठकीत शेषराव वर्तमानपत्र वाचत होते. कापसाच्या आडतीला शनिवारी दुपारी फारसं काम नसे.

अन्नपूर्णाला जिन्यातून आवाज ऐकू आला, आणि तो आवाज ऐकून ती भरलेला साचा हातात घेऊनच खाली आली. लग्न होऊन आल्यापासून पंधरा वर्षांत कलाबाई थोरल्या दिराशी सरळ कधी बोलली नव्हती. काही सांगायचं झालं तर दाराआडून, अन्नपूर्णाच्या तोंडून. आज ती बैठकीच्या मधोमध उभी होती. पदर कपाळापर्यंत होता, पण आवाज पदराआडचा नव्हता.

"दादासायेब, ही सही तुमची हाये ना?"

शेषरावांनी कागदाकडे पाहिलं नाही. "इंद्रा, बस. पोरीला आत पाठव. चहापाणी घ्या, मग बोलू."

"म्या इचारून राह्यली."

"माझी आहे."

"वाचून केली का न वाचता?"

"वाचून केली." शेषरावांनी वर्तमानपत्राची घडी घातली. आडतीवर चार गावच्या लोकांत बसून त्यांची भाषा शुद्ध झाली होती, आणि असा प्रसंग आला की ती आणखी शुद्ध होई. "हे बघा, रागावून काही होत नसतं. पुण्याचे डॉक्टर दोन दिवस राहून गेले. त्यांचं म्हणणं असं, की मूल हातांनी बोलायला लागलं की तोंड वापरत नाही. हात थांबले की वाचा सुरू होते. आणि वसतिगृहात खाटा चाळीस, बाहेर साठ अर्ज पडून आहेत. ज्याला चार वर्षांत होत नाही त्याने दुसऱ्या लेकराला जागा द्यावी, यात अन्याय कोणता?"

सत्यभामाबाई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसली होती. "दादाचं खोटं नाही, कला," ती म्हणाली. "पोरगी बोलाया लागली तर कुठं तरी दिली जाईल. हातवारे करणारी सून कोण करून घेतंय? आमच्याकडं तर लोक हसतेत."

"आक्का, बोलणं चांगलं असते हे मले नका सांगू." कलाबाई तिच्याकडे वळली. "मले नाई वाटत का, तिनं मले धडधडीत आई म्हणावं? चार साल वाट पाहून राह्यली म्या. नाई आलं तिले. आता येत नाई तं तिनं कराव काय, हे कोणत्या कागदावर लिहेल हाये? हात बांधाचे, तोंड उघडत नाई म्हणून हाकलून द्याचं, आन् घरी आणून काय, गोठ्यात बांधू? नियम करा तुमी. पण कराच्या आधी आमाले एक डाव बोलवा. आमी जन्म देल्ला हाये त्याहिले."

"मी होतो ना तिथे. घरचाच माणूस."

"तुमाले तिचं बोलणं समजते?"

शेषरावांनी वर्तमानपत्राची घडी आणखी लहान केली.

कलाबाईने द्वारकाला पुढे घेतलं, तिचा चेहरा काकांकडे वळवला आणि खुणेने सांगितलं, तुला काय विचारायचं ते विचार. द्वारकाने क्षणभर आईकडे पाहिलं. मग तिने शेषरावांकडे बोट केलं, डोक्यावर टोपी ठेवल्यासारखा हात फिरवला, दोन बोटं चालवत आणली, हवेत चौकट काढून डोळ्याशी बोट नेलं, छातीवर हात ठेवला आणि तळवे उघडून उभी राहिली.

"सांगा, काय म्हणली?"

"पाणी मागत असेल," शेषराव म्हणाले.

"ती म्हणली, मोठे बाबा, तुमी आमच्या शाळेत आले होते. म्या खिडकीतून पाह्यलं. मंग मले भेटले काऊन नाई?"

अन्नपूर्णाच्या हातातल्या साच्यातून चीक ठिबकत होता. या महिन्यात हे तीनदा बुलढाण्याला गेले होते. तिन्ही वेळा तिने विचारलं होतं, पोरगी कशी आहे. तिन्ही वेळा ते म्हणाले होते, मजेत आहे.

"भेटलो असतो," शेषराव म्हणाले, आणि आता त्यांची भाषा थोडी घसरली, "तर सगळे म्हणाले असते, पुतणीसाठी येऊन राह्यला. चिटणीस हिंमतराव पहिल्याच बैठकीत बोलला, की ज्यांचं घरचं लेकरू शाळेत आहे त्यांनी या विषयात न बोललेलं बरं, लोक नावं ठेवतात. मी काय बोलणार? तोंड बांधलेलं होतं माझं."

"तुमचं तोंड तुमी बांधलं," कलाबाई म्हणाली. "हिचे हात कोणी बांधले? हे पाहा." तिने द्वारकाची मनगटं पुढे केली. पट्टीचे वळ फिके झाले होते, पण होते.

शेषरावांनी ते पाहिले. "मला हे माहीत नव्हतं."

"माहीत करून घ्याले गेले नाई तुमी. नाव जपाले गेले. तुमचा न्याय साऱ्या जिल्ह्यात दिसावा म्हणून माह्या पोरीचा काटा काढला."

"कला," इंद्रभान म्हणाला. "दादानं काही इचार करूनच..."

तिने नवऱ्याकडे पाहिलं.  ती तशीच मुलीला घेऊन बाहेर पडली, आणि इंद्रभान दारात एकदा भावाकडे, एकदा रस्त्याकडे बघत राहिला आणि मग तिच्यामागे गेला. कोणी पाणीसुद्धा प्यालं नव्हतं.

"आता चढून गेलीये ती," सत्यभामा म्हणाली. "एवढं बोलायचं असतंय का भासऱ्याला, थोरल्या दिराला? दादा, तू मनावर घेऊ नको."

अन्नपूर्णाबाईने साचा खाली ठेवला. तिला मूल नव्हतं. द्वारकाला ऐकू येत नाही हे सगळ्यात आधी तिच्या लक्षात आलं होतं. परातीचा मोठा आवाज झाला आणि पाळण्यातली पोर दचकली नाही, तेव्हा. शाळा शोधली ती तिनेच नवऱ्याच्या मागे लागून. पुढे त्या शाळेला शेषरावांनी एक खोली बांधून दिली, तिच्यावर संगमरवरी पाटी होती: सौ. अन्नपूर्णाबाई शेषराव सोनोने. त्या खोलीमुळे ती मंडळाची आजीव सभासद झाली होती. दर वर्षी सभेच्या दोन सूचना घरी येत, एक त्यांच्या नावाची, एक तिच्या. तिची कधी कोणी उघडली नव्हती, तिनेही नाही.

ती आत गेली, देवळीतल्या कागदांतून यंदाची काढली आणि पाकीट फोडलं. पोथी वाचण्यापुरतं तिला वाचता येत होतं. बोट ठेवून तिने ओळी लावल्या. सभासदांनी सभागृहात तीन वाजता उपस्थित राहावे. विषय पहिला, नियमावलीस मंजुरी. आणि खाली, बारीक अक्षरात: पालकांनी व्हरांड्यात बसावे.

"हे कोणी लिहिलं?" तिने बाहेर येऊन विचारलं.

"शिस्तीसाठी असतं ते," शेषराव म्हणाले.

"मी रविवारी येणार आहे."

"तू काय करणार तिथे?"

"बसायचं तर बसेन. मी सभासद आहे ना?"

 सत्यभामा भावजयीकडे बघत राहिली. आठ दिवसांत दोघीजणींनी मिळून दोन पायली गव्हाच्या कुरडया घातल्या होत्या आणि त्या सगळ्या वेळात अन्नपूर्णा एवढं बोलली नव्हती.

*

कडूबाने सतरा घरं आणली. कोणी मेहकरकडून, कोणी चिखलीकडून, दोघे तर पहाटे पायी निघून आले होते. सगळे व्हरांड्यात फरशीवर बसले. रविवार असल्याने मुलं मोकळी होती आणि आपापल्या आईबापांना चिकटून होती.

सत्यभामाबाई त्यांच्यातच येऊन बसली. ती सभासद नव्हती आणि पालकही नव्हती. भांडण हाताबाहेर जाऊ नये म्हणून आपण आलोत, असं तिने मनाशी ठरवलं होतं. आतल्या सभागृहाच्या खिडक्या उघड्या होत्या. अध्यक्ष म्हणजे एक वयस्क वकील, शेजारी चिटणीस हिंमतराव, मग दोन्ही बाजूंनी खुर्च्या. बायकांत फक्त अन्नपूर्णा, अगदी मागच्या रांगेत.

सत्यभामेच्या बाजूला गोजरबाई नावाची एक बाई होती. तिची सात-आठ वर्षांची मुलगी सारखा उजवा कान मुठीत धरून डोकं हलवत होती. कानात ऐकायच्या मशीनची गुंडी होती. मुलगी ती काढायची, आई परत बसवायची.

"ऐकत नाही हो," गोजरबाई म्हणाली. "मास्तरबी म्हणे, हट्टी आहे, मशीन फेकून देते. दोनदा शिक्षा झाली तिले. काय होते तिले काही समजत नाही. आमचं तिचं बोलणंच नाही."

द्वारका त्या मुलीसमोर उकिडवी बसली. दोघींचे हात काही वेळ चालले. मग द्वारकाने उठून येऊन आईला सांगितलं, आणि कलाबाईने गोजरबाईला सांगितलं.

"गुंडी रुतते म्हणते. आत खूप दुखते. पंधरा दिवस झाले. सांगत होती, पण हात बांधल्यावर सांगता येईना म्हणते."

गोजरबाईने गुंडी काढली. तिच्या टोकाला पू होता. सत्यभामाबाईने वाकून मुलीच्या कानात पाहिलं. कान आतून लालभडक झाला होता आणि कडेला वाळलेलं रक्त होतं.

सत्यभामाने मुलीचे केस कानामागे सारले. मग ती म्हणाली, "आणि हिलाच शिक्षा केली?"

"दोनदा," गोजरबाई म्हणाली. ती आता रडत होती.

आत हिंमतराव वाचत होते. "विषय क्रमांक एक. नियमावली सर्वांना मिळाली आहे. कोणाची हरकत नसल्यास..."

सत्यभामाबाई उठली ती खिडकीशीच गेली. "हरकत आहे," ती मोठ्याने म्हणाली.

सगळ्या खुर्च्या वळल्या. शेषरावांनी बहिणीला पाहिलं आणि मान खाली घातली.

"बाई, आपण सभासद आहात का?" हिंमतरावांनी विचारलं.

"नाही."

"मग कृपया शांत बसा. सभासद नसलेल्यांना बोलण्याचा अधिकार नाही. नियम आहे."

"मी सभासद आहे," मागून अन्नपूर्णाबाई म्हणाली.

ती उभी राहिली होती. पुढच्या खुर्चीची पाठ तिने दोन्ही हातांनी धरली होती. हिंमतरावांनी शेषरावांकडे पाहिलं, जसं शेजारच्याची म्हैस आपल्या शेतात शिरल्यावर शेजाऱ्याकडे बघतात.

"वहिनी, आपल्या वतीने शेषराव आहेतच."

"त्यांचं मत त्यांना. सूचना माझ्या नावाने वेगळी आली. मी मंजुरी देत नाही. आणि का देत नाही, ते मला सांगता येत नाही, कारण माझं लेकरू शाळेत नाही. ज्यांचं आहे त्या बाहेर फरशीवर बसल्या आहेत. त्यांना आत घ्या. माझी वेळ मी त्यांना देते."

"असं करता येत नाही."

"कोणत्या नियमात लिहिलंय?"

हिंमतरावांनी अध्यक्षांकडे पाहिलं. वयस्क वकिलांनी चष्मा काढून पुसला. चाळीस वर्षं कोर्टात काढलेला तो माणूस होता आणि नसलेला नियम आहे म्हणायला त्याची जीभ वळेना. "एकीला येऊ द्या," ते म्हणाले.

कलाबाई आत गेली. एकटी नाही, गोजरबाईची मुलगी तिच्या कडेवर होती.

"हिचा कान पाहा," ती म्हणाली. ती कोणाचंही नाव घेऊन बोलली नाही. "तुमच्यातला जो शिकेल हाये त्यानं येऊन पाहा. पंधरा दिवस ही पोर सांगून राह्यली. तुमी तिले दोनदा उभी केली. माह्या पोरीनं दोन मिंटात सांगतलं, ज्या हातानं सांगतलं ते तुमी बांधून ठेवता. मले शाळा नाई समजत. डॉक्टर काय म्हणले ते खरं असन, म्या नाई म्हणत खोटं हाये. पण डॉक्टर दोन दिवस राह्यला. आमी बारा साल राह्यलो या लेकरायसंग. कान कोणता दुखते हे आमाले माहीत, हे कसे झोपते, कशानं भेते, आमाले माहीत. ते इचाराले तुमाले एक माणूस नाई भेटला?"

कोणी उठून कान पाहायला आलं नाही. मग एकजण उठला. शेषराव होते. ते आले, मुलीसमोर वाकले आणि पुष्कळ वेळ पाहत राहिले. सरळ झाले तेव्हा ते कोणाकडेच न बघता परत जाऊन बसले.

पुढे तासभर वाद झाला. दोघा-तिघांनी मंडळाची बदनामी होते आहे असं म्हटलं. एकाने सरकारी अनुदान बंद होईल अशी भीती घातली. शेवटी वकिलांनी तोडगा काढला. हात बांधणं आजपासून बंद. वसतिगृहात हातवारे चालतील, वर्गात चालणार नाहीत. बारा वर्षांची अट एक वर्ष पुढे. भेटीचा नियम रद्द. आणि मंडळाच्या बैठकीस पालकांचे दोन प्रतिनिधी बोलवावेत, मत न देण्याच्या अटीवर.

कडूबाचं नाव लगेच आलं. दुसरं नाव व्हरांड्यातून सगळ्यांनी मिळून कलाबाईचं दिलं.

हिंमतराव सभावृत्ताच्या वहीत लिहिता लिहिता थांबले. "सही करता येते का?"

"नाई," कलाबाई म्हणाली.

"मग अडचण आहे. प्रतिनिधी साक्षर असावा. त्यांचे यजमान शिकलेले आहेत, त्यांचं नाव घेऊ." ते वळले. "इंद्रभान, या इकडे."

इंद्रभान दारात उभा होता. आयुष्यभर मोठ्या भावासमोर त्याने आधी चप्पल काढली होती आणि मग तोंड उघडलं होतं, तेही क्वचित. तो पुढे आला. कलाबाईने डोळे मिटले. आता हा मान हलवणार, हे तिला माहीत होतं.

"मले लिहिता येते, साहेब," इंद्रभान म्हणाला. "पण माह्या पोरीचं बोलणं मले अर्धंच येते. सारं हिलेच येते. अन् हे साक्षरचं कुठी लिहेल हाये? दाखवा."

"लिहिलेलं नाही. आता लिहू." हिंमतरावांनी टाक उचलला.

शेषरावांनी हात लांब करून वही मिटली. टाकाचा डाग त्यांच्या मनगटावर पडला.

"लिहू नको," ते म्हणाले. "याच्यापुढं आमच्या लेकरांबाबत जे लिहाचं ते त्याहिले इचारून लिहाचं. तुले माह्या नावाचा भेव वाटत असन तं माझं नाव काढून टाक. बाईचं ठेव."

 आडतीवरचा शेषराव असा, असल्या भाषेत बोललेला सभागृहातल्या कोणी ऐकला नव्हता. हिंमतरावांनी वही ओढून घेतली, पान शोधलं आणि नाव लिहिलं. कलाबाईने अंगठा उठवला.

मग ती शेषरावांसमोर उभी राहिली. ते थोडे मागे सरकले, जशी माणसं नमस्कारासाठी जागा करतात. ती वाकली नाही.

"मत नाई, तं तिथी बसून म्या काय करू, दादासायेब? कुरडया मोजू?"

"आधी खुर्ची मिळाली आहे. मत पुढे..."

"तुमच्याजोळ मत होतं," कलाबाई म्हणाली. "तुमी ते काऊन नाई देल्लं, हे म्या सालभर इचारीन. तुमी मोठे हा. पण इचारीन." आणि ती मुलीला घेऊन व्हरांड्यात गेली.

*

संध्याकाळी घरचे बाकी सगळे एकाच एसटीत होते. सत्यभामा देऊळगावच्या गाडीने कडूबा आणि गोजरबाईबरोबर गेली होती. मुलीला आधी सरकारी दवाखान्यात दाखवायचं, मग पुढे जायचं, असं तिने परस्पर ठरवून टाकलं होतं. गाडी राजूरचा घाट उतरत होती. शेषराव ड्रायव्हरमागे एकटे बसले होते. अन्नपूर्णाबाई मागे, कलाबाई आणि द्वारकाच्या बाकावर. इंद्रभान उभा होता.

मोताळ्याला गाडी थांबली. शेषराव उतरले आणि खाली वाट पाहू लागले.

"बाई, मोताळा," कंडक्टर म्हणाला.

"मला धामणगावचं तिकीट द्या," अन्नपूर्णाबाई म्हणाली.

शेषराव खिडकीशी आले. "घरी कोणी नाही," ते म्हणाले.

"कुरडया वाळल्या असतील. तेवढ्या डब्यात भरून ठेवा."

"किती दिवस?"

"पोरीचं बोलणं येईपर्यंत. तुम्हाला शिकायचं असेल तर धामणगाव लांब नाही."

गाडी सुटली. कलाबाई जावेकडे पाहत होती. तिला धन्यवाद म्हणायचे नव्हते. राग जराही उतरला नव्हता आणि तो या घरातल्या कोणाला वगळून नव्हता. जावेच्या नावाची वेगळी सूचना घरात येत होती, तर ते पाकीट आधीच का उघडलं नाही, हे तिला विचारायचं होतं. पण अन्नपूर्णाबाई तिच्याकडे बघतच नव्हती. ती द्वारकाकडे वळून बसली होती.

"कला, हिला विचार," ती म्हणाली. "राग आला आहे, हे कसं म्हणायचं?"

कलाबाईने विचारलं. द्वारकाने दोन्ही हातांची बोटं आकड्यासारखी वाकवली आणि पोटापासून गळ्यापर्यंत वर ओढली, झटक्याने.

अन्नपूर्णाबाईने तसं केलं. द्वारकाने मान हलवली, चुकलं. तिने पुन्हा केलं. पुन्हा चुकलं. मग द्वारकाने मोठ्या आईचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले, एकेक बोट नीट वाकवलं आणि ते हात अगदी खालून, पोटापासून, वर आणले.